'हौशी गुप्तहेर' म्हणावं का?

ब्रिटिश रहस्यकथांमधल्या 'अमॅच्युअर डिटेक्टिव्ह'ला मराठीत 'हौशी गुप्तहेर' म्हणणं बरोबर आहे का, असा प्रश्न आहे.

'हौशी' अगदी चपखल. हौशी रंगभूमी म्हणताना जो अर्थ मनात असतो, तोच इथे आहे: पोटासाठी नाही, आवडीपोटी. १९१० साली अवतरलेला फादर ब्राउन पाद्री, १९२३ चा लॉर्ड पीटर विम्झी उमराव, तर मिस मार्पल खेड्यातली अविवाहित म्हातारी. शेरलॉक होम्स मात्र यांच्यात बसत नाही. सल्ला देणं हा त्याचा पेशाच होता. त्याला 'खाजगी' म्हणा, 'हौशी' नको.

घोडं अडतं ते 'गुप्तहेर'पाशी. हेर म्हटलं की मराठी माणसाला बहिर्जी नाईक आठवतात. वेषांतर, शत्रूच्या मुलखात शिरणं, धन्याला खबर पोचवणं. मार्पलबाईंना धनीही नाही आणि वेषांतरही नाही. सेंट मेरी मीड या त्यांच्या खेड्यात त्यांना सगळे ओळखतात. दिवाणखान्यात विणकाम करत बसलेल्या या बाईंना संशयिताकडे बघून गावातलाच कुणीतरी आठवतो, आणि त्यावरून त्या संशयिताचा स्वभाव ताडतात. 'हेरणे' हे क्रियापद मात्र त्यांना फार शोभतं. १९३० च्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत पक्षी पाहायची दुर्बीण त्यांना शेजारपाजारही दाखवते!

'तपासनीस' सुचतो, पण त्यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिटणीस, फडणीस यांच्याच कुळातला. त्याला कचेरी चिकटलेली आहे, आणि या मंडळींकडे ना कचेरी ना वॉरंट. 'सत्यशोधक' अर्थानं सर्वांत जवळचा. पण १८७३ पासून तो शब्द महात्मा फुल्यांच्या समाजाचा आहे, तो तिथेच राहावा.

म्हणून मी 'हौशी शोधक' लिहीन. या कथांची खरी मोहिनी 'गुप्त' या शब्दाच्या नेमकी उलट आहे. १९३० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळाच्या शपथेत, महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही, असं वचन होतं. पाद्र्याला किंवा म्हातारीला जे दिसतं ते आपल्यालाही दिसलेलं असतं. पोलिसी अधिकार त्यांनाही नाही, आपल्यालाही नाही. तरी छडा ते लावतात आणि आपण मागची पानं उलटत बसतो. बोलताना 'हौशी डिटेक्टिव्ह' म्हटलंत तरी चालेल. फक्त 'गुप्त' तेवढं गाळा.