विमान रस्त्याने न्यायचंय? आधी शेपूट मोजा

प्रश्न : ताई, आम्ही तिघा मित्रांनी मिळून सेसना १५० जातीचं एक जुनं छोटं दोन आसनी विमान घेतलंय. इंजिन कित्येक वर्षं बंद आहे, त्यामुळे उडवत आणायचा प्रश्नच नाही. दुरुस्तीचा हँगर सव्वाशे किलोमीटरवर. एक मित्र म्हणतो, पंख काढून ट्रेलरवर टाकू आणि रात्री रस्ता रिकामा असताना गुपचूप नेऊ. दुसरा म्हणतो, चाकं आहेत की त्याला, गाडीला बांधून ओढू. कायद्यात बसेल असं काय करावं?

उत्तर : दुसऱ्या मित्राचं आधी निकालात काढते. ट्रेलरवर चढवलेलं विमान कायद्याच्या नजरेत माल असतं. स्वतःच्या चाकांवर ओढलेलं विमान मात्र रस्त्यावरचं वाहन ठरतं, आणि त्या वाहनाला ना नंबरप्लेट, ना मागचे दिवे, ना ओढणाऱ्या गाडीशी जोडलेले ब्रेक. अंगावर रंगवलेली नोंदणीची अक्षरं आकाशासाठी. रस्त्यावर त्यांना किंमत नाही. शिवाय टायर. विमानाचा टायर उतरतानाचा दणका पचवण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून तो भाराखाली मोटारीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट दबतो. धावपट्टीवर मिनिटभर पळायला ते ठीक. सव्वाशे किलोमीटर सतत दबत-फुगत राहिला तर तो आतून तापून फाटतो. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या विमानाचे टायर तर विचारूच नका.

आता पहिल्या मित्राकडे वळते. ट्रेलर बरोबर, गुपचूप चूक. रात्र तर त्याहून चूक, कारण जादा रुंदीचा माल न्यायला अनेक ठिकाणी परवानगी मिळते ती दिवसाउजेडीच. काही शहरांत गर्दी टाळायला उलट रात्रीची वेळ देतात. जी काही असेल ती वेळ परवान्यावर छापलेली असते, आपण ठरवायची नसते.

तुम्ही पत्रात पंख काढायचं लिहिलंत, शेपटीबद्दल एक शब्दही नाही. सगळे तसंच करतात. पंख दहा मीटरच्या वर पसरलेले दिसतात म्हणून तेच डोळ्यांत भरतात, पण ते निघतात. प्रत्येक बाजूला मुळाशी दोन बोल्ट, एक तिरका टेकू, इंधनाची नळी, केबली, वायरी. चार माणसं आणि पंख टेकवायला दोन लाकडी घोड्या असल्या की काम झालं. उरतं ते धड, जेमतेम मीटरभर रुंद. आणि त्याच्या टोकाला आडवी शेपटी, जी १५० वर तीन मीटरच्या आसपास भरते. रस्त्याची साधारण मर्यादा युरोपात २.५५ मीटर, अमेरिकेत आणि भारतात २.६ च्या घरात. म्हणजे पंख उतरवून तुम्ही खूश होऊन बसणार, आणि कायदा मोडणार शेपूट.

इथे दोन वाटा आहेत. शेपटीही काढायची, मग सगळा माल मर्यादेत बसतो आणि रुंदीचा परवाना लागत नाही. किंवा शेपटी ठेवायची आणि परिवहन खात्याकडे जादा रुंदीच्या मालाचा परवाना मागायचा. अर्जात ट्रेलरसकट लांबी, रुंदी, उंची, वजन आणि मार्ग द्यावा लागतो. बदल्यात ते फलक, झेंडे, पिवळा दिवा आणि कधी पुढे-मागे चालणारी गाडी सांगतात. मी तुमच्या जागी असते तर परवाना काढला असता. शेपटी सोडली की एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती फळी) आणि ट्रिम (तिचा तोल साधणारी छोटी पट्टी) यांची जुळणी पुन्हा करावी लागते, आणि एका फेरीसाठी तेवढे बोल्ट मी उघडणार नाही. उलट, अरुंद पूल किंवा बाजारातून जाणारा रस्ता असेल तर शेपटी काढलेलीच बरी. एकदा मोटारीने तो मार्ग फिरून या आणि प्रत्येक फाटक, कमान, वळण टेपने मोजा.

वजनाची काळजी फारशी नाही. रिकामं १५० सुमारे अर्ध्या टनाचं. पण ते वजन बरंचसं पुढच्या भागात असतं. विमान नाक पुढे करून चढवा आणि एकूण भाराचा मध्य ट्रेलरच्या आसाच्या जरा पुढे येईल असं बसवा. हुकावर एकूण भाराचा साधारण दहावा भाग यायला हवा. भार मागे गेला की ट्रेलर वेगात सापासारखा वळवळायला लागतो. शेपटी पुढे केलीत तर वारा एलिव्हेटरला आणि रडरला (उभ्या शेपटीच्या हलत्या फळीला) उलट्या बाजूने आपटतो, म्हणून तसं नको. पट्टे चाकांच्या पायांना बांधा, इंजिनाच्या चौकटीला नाही. पंख पुढची कड खाली करून गादीच्या खोबणीत उभे ठेवा. आणि निघण्यापूर्वी टाक्या रिकाम्या, बॅटरी सुटी.

ताडपत्री घालू नका, ही माझी कळकळ. माझ्या पहिल्या फेरीत पावसाच्या भीतीने मी अख्खं धड गुंडाळलं होतं. चार तास ताडपत्री फडफडत राहिली आणि तिच्याखालच्या धुळीने समोरची ॲक्रिलिकची काच दुधाळ करून टाकली. मालकाने एक शब्दही काढला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून काचेला मऊ कापड आणि वर घट्ट ताणलेलं प्लॅस्टिक, बाकी विमान उघडं.

विमा कंपनीला लेखी विचारा : रस्त्याने, सुटे भाग करून नेताना नुकसान झालं तर भरपाई मिळेल का? उडण्याचा विमा बहुधा ते धरत नाही. खरेदीचे आणि नोंदणीचे कागद गाडीत हाताशी ठेवा. पोलीस थांबवतातच; निम्मे चौकशीला, निम्मे फोटोला.

उरलं जोडणं, आणि मला झोप येत नाही ती इथे. केबल सोडतानाच दोन्ही टोकांना सारखी चिठ्ठी बांधा. ११ नोव्हेंबर २०१८ ला कझाकस्तानच्या एअर अस्ताना कंपनीचं एक एम्ब्राएर प्रवासी विमान पोर्तुगालमध्ये देखभालीहून निघालं, तेव्हा त्याच्या एलरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांच्या हलत्या फळ्यांच्या) केबली उलट जोडलेल्या होत्या. सहाजण बराच वेळ आकाशात हेलकावे खात होते, मग कसेबसे तिथल्याच बेझा विमानतळावर उतरले. ते तर मोठ्या कारखान्यातलं काम. तुमचं जोडणं परवानाधारक अभियंत्याने तपासून लॉगबुकात सही करायची, आणि कंट्रोलची तपासणी दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे करायची. शेवटी तुम्ही स्वतः आत बसा, अंगठे वर करून स्टिअरिंग धरा आणि वळवा. अंगठे ज्या बाजूला झुकतील त्या बाजूचा एलरॉन वर उचलला पाहिजे. खाली गेला तर उतरा आणि अभियंत्याला हाक मारा.

प्रश्न : माझं किट-विमान (सुट्या भागांचा संच आणून स्वतः जोडलेलं) घडीच्या पंखांचं आहे. दर आठवड्याला घरून ट्रेलरने नेलं-आणलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि कल्पना जुनी आहे. १९२५ चं डी हॅविलँड मॉथ पंख मिटून मोटारीमागे नेता यायचं, आणि मोल्टन टेलर यांच्या १९४९ च्या एअरोकार या उडत्या मोटारीचे पंख तर तिच्याच मागे ट्रेलर होऊन यायचे. ग्लायडरवाले (बिनइंजिनाची विमानं उडवणारे) आजही हेच करतात, म्हणून बंद ट्रेलर कसा असावा हे त्यांच्याकडून शिका. मिटल्यावरची रुंदी शेपटीसकट मोजा. मिटलेले पंख बिजागरीवर लोंबकळत ठेवू नका, त्यांना स्वतंत्र आधार द्या; रस्त्याचे हादरे महिन्याभरात बिजागरीची भोकं मोठी करतात. पंख उघडल्यावर बसवायच्या प्रत्येक पिनेला लाल फीत बांधा, आणि पिना ठेवायच्या डबीवर त्यांचा आकडा लिहा. डबीत एक जरी उरली तरी इंजिन चालू करायचं नाही.