बेरीज करण्याआधी बदाम राजा शोध

संभाव्यतेत ‘किंवा’ दिसलं की लगेच बेरीज करू नकोस. आधी विचार, दोन्ही गोष्टी एकदमच घडू शकतात का? ल्युडोच्या एका फाशावर ५ आणि ६ एकदम पडत नाहीत, तिथे सरळ १/६ + १/६. विषय संपला.

पत्त्यांत मात्र सांभाळ. ५२ पानांतून एक ओढलंस, तर ते बदाम किंवा राजा असण्याची शक्यता किती? बदाम १३, राजे ४, म्हणून १७ लिहिशील. पण बदाम राजा दोन्हीकडे मोजला गेला. तो एकदा वजा कर : १६/५२, म्हणजे ४/१३. सूत्र एवढंच आहे. परीक्षेत वेन आकृती, म्हणजे एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढ, मधला सामाईक भाग आधी भर, चुकणार नाहीस.

आता खरी गंमत. शनिवारी पावसाची शक्यता ५० टक्के, रविवारीही ५०. मग वीकेंडला पाऊस शंभर टक्के? छे! दोन्ही दिवसांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही दिवस पडण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून उत्तर ७५. पण पाऊस असा सुटा-सुटा कुठे पडतो? जुलैत एकदा लागला की दोन-चार दिवस हटत नाही. समजा दोन्ही दिवस पडण्याची शक्यता ४० टक्के आहे, तर उत्तर ६० वर येतं. सामाईक भाग वाढला की एकूण शक्यता घटते. हे मुलांना उलटं वाटतं, म्हणून स्वतः आकडे बदलून बघ. आणि उत्तर १ च्या, म्हणजे शंभर टक्क्यांच्या वर गेलं, तर वजाबाकी राहिलीच समज.