नववीच्या मुलांना 'पहिली छाप' कशी शिकवावी?

प्रश्न असा आहे: ठाण्यातल्या एका शाळेत नववीच्या ३० मुलांचा ४० मिनिटांचा तास घ्यायचाय, विषय 'दिसणं आणि पहिली छाप'. उपदेश न वाटता कसं शिकवू?

'नीटनेटके राहा' म्हणून सुरुवात केलीत तर तास तिथेच संपला. हे ती बालवाडीपासून ऐकतायत. आधी त्यांनाच कुणाबद्दल तरी मत बनवताना पकडा.

मुलांच्या ओळखीची नसतील अशा सहा मोठ्या माणसांचे फोटो त्या माणसांची परवानगी घेऊन काढा. नटनट्या नकोत. त्यातल्या एकाचे दोन फोटो काढा, एक इस्त्रीच्या शर्टात, एक चुरगळलेल्या टी-शर्टात. चेहऱ्यावरचा भाव आणि उजेड दोन्हींत सारखाच हवा, नाहीतर मुलं हसण्याला गुण देतील आणि तुम्ही समजाल कपड्यांना दिले. वर्गाचे दोन गट करा, प्रत्येक गटाला त्या माणसाचा एकच फोटो दाखवा.

फोटो एक सेकंद दाखवायचा. 'विश्वासू वाटतो का?' १ ते ५ गुण, कागदावर, न बोलता. तोंडी विचारलंत तर मागच्या बाकावरून एक उत्तर येतं आणि सगळा वर्ग त्याची री ओढतो. मग तेच फोटो दहा-दहा सेकंद, पुन्हा गुण, शेजारी 'किती खात्री?' विलिस आणि टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये छापलेल्या प्रयोगात चेहरा १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, दिसला तरी मत बनत होतं. जास्त वेळ दिल्यावर मुख्यतः खात्री वाढत होती. पंधरा-पंधराच्या गटांत कपड्यांचा फरक दिसेलच असं नाही. नाही दिसला तर तसं सांगा, आकडे ओढूनताणून बसवू नका.

आता विचारा, 'या माणसाच्या विश्वासूपणाचा पुरावा काय होता?' इथे घाई करू नका, वर्ग गप्प बसला तर बसू द्या.

उरलेल्या वेळात 'आपण कसे दिसतो' याकडे वळा, पण नियम घालून: दहा मिनिटांत बदलता येतं तेवढ्यावरच बोलायचं. नखं, केस, कॉलर, बुटांवरचा चिखल चालेल. रंग, वजन, उंची, पिंपल्स, दातांची तार हे विषय बंद. पावसाळ्यात ठाण्यात गणवेश वाळत नाही, म्हणून सकाळी ओल्यावरच इस्त्री फिरते. कापड वरून कोरडं लागतं, काखेतली आणि कॉलरची दुहेरी शिवण ओलीच राहते, आणि दुसऱ्या तासापर्यंत कुबट वास येतो. रात्री शर्ट उलटा करून पंख्याखाली टाका, इस्त्री सकाळी. ब्रँडेड बुटांचा विषय कुणीतरी काढणारच. स्वच्छ आणि महाग यांतला फरक फळ्यावर लिहा आणि पुढे चला.

वर्गातल्या कुणाचाही फोटो वापरू नका, गमतीनेही नाही. आणि गुणांचे कागद घंटा व्हायच्या आत गोळा करा, नाहीतर मधल्या सुट्टीत त्यांवर वर्गातल्या मुलींची नावं चढतात.