स्कूलबसवाले काका, तुम्ही गोठ्यात वाढलात म्हणे!

(खेड्यापाड्यांतून शाळेची बस चालवणारे एक काका यावेळी उत्तरं देतायत. लहानपण सगळं शेतावर गेलंय. नाव छापू नका म्हणाले.)

काका, शेतावरचं बालपण म्हणजे धमालच ना? आम्हा शहरातल्यांना हेवा वाटतो.

हेवा खुशाल करा, पण मग पहाटे धारा काढायलाही या! गायीला रविवार कळत नाही, परीक्षाही कळत नाही. सकाळ संध्याकाळ धार काढायची म्हणजे काढायचीच. आमच्याकडे गोठ्यात आवाज चढवायला सक्त मनाई होती, भांडायचं तर बाहेर जाऊन भांडा, कारण गाय बिचकली की पान्हा चोरते. पुढे कळलं की पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे आणि जनावर घाबरलं की अॅड्रेनलिन मधे येऊन ते काम अडवतं. वासरू झालं की रात्र जागायची, पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे कारण जन्मताना त्याच्या रक्तात रोगाशी लढायला जवळपास काही नसतं. बरं एवढं करून शाळेत गेलं की हाताला शेणाचा वास म्हणून बाजूचा नाक मुरडणार. धमाल होती, नाही असं नाही, पण झोपेचं खोबरं झालेलं असायचं.

त्यातलं बस चालवताना काय उपयोगी पडतं?

ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेणं तर आहेच, ट्रॉली उजवीकडे न्यायची तर स्टेअरिंग आधी डावीकडे फिरवावं लागतं, ते एकदा हातात बसलं की बस मागे घेताना टेन्शन येत नाही. पण खरा उपयोग झाला तो गायीच्या नजरेचा. गायीचे डोळे बाजूला असतात म्हणून तिला 300 अंशांहून जास्त दिसतं, फक्त अगदी पाठीमागचं आणि नाकाच्या खालचं दिसत नाही, त्यामुळे मागून गुपचूप जायचं नाही, आधी आवाज द्यायचा, हे चालता यायला लागल्यापासून डोक्यात भरलेलं. बसचंही तेच हो! मागे दिसत नाही आणि पुढे नाकाखाली लहान पोर उभं असेल तर तेही दिसत नाही, आणि पोरं उतरली की नेमकी तिथूनच पळतात, बाटली पडली की तिथेच वाकतात. म्हणून मी उतरलेली डोकी मोजतो, तेवढीच रस्त्याच्या कडेला दिसली की मगच ब्रेक सोडतो. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवतात, वाजवू देत. संध्याकाळी जनावरं आत घेताना मोजायची सवय होती, तीच ही. शेवटी बस रिकामी झाली तरी पार मागच्या सीटपर्यंत चक्कर मारतो, एखादं झोपलेलं असतं.

सगळ्यात भीती वाटलेली आठवण?

गवताच्या गंजीची. गवत नीट वाळायच्या आत रचलं, ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की आतले जंतू गरमी करतात आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी गंजी आपोआप पेटते. आमच्याकडे आत लोखंडी पहार खुपसून ठेवायचे आणि थोड्या वेळाने काढून हात लावून बघायचे. एकदा ती हातात धरवेना. बाबांनी आम्हाला लांब पिटाळलं, कोणाला वर चढू दिलं नाही कारण गंजी आतून जळून पोकळ झालेली असू शकते, माणूस सरळ आत जातो, आणि घाईने उपसली तर हवा लागून भडकते. फायर ब्रिगेड येईपर्यंत नुसतं बघत उभं राहायचं, ते फार कठीण गेलं.

सुट्टीत मुलाला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून फिरवायचंय, कितव्या वर्षापासून चालेल?

कितव्याही नाही. दुसरी सीट आणि पट्टा नसेल तर ट्रॅक्टर एकट्याचा. एक खड्डा आला की मडगार्डवरचा सरळ मागच्या चाकाखाली. फोटो काढायचाय? इंजिन बंद करा, चावी खिशात टाका, मग बसवा.