‘मॉरोविंड’ची वकिली

प्रिय पोरी,

‘मॉरोविंड’ या कॉम्प्युटर गेमवरच्या टीकेला उत्तर देणारा तुझा लेख वाचला, दोनदा. ‘मॉरोविंड’ला कुणी नावं ठेवली की तुझ्या अंगाची लाही होते हे मला ठाऊक आहे, आणि त्यातलं थोडं पाप माझ्याही माथी आहे, कारण हा गेम तुझ्या हातात मीच दिला. पण कॉलेजच्या अंकात हा लेख असाच्या असा देऊ नकोस.

तलवारीचं आधी बघू. ‘समोर खेकडा उभा आहे, तलवार त्याच्या अंगातून आरपार जातेय आणि गेम म्हणतो वार चुकला’, ही टीकाकाराची तक्रार. त्यावर तू लिहिलंस, ‘खेळता येत नाही म्हणून रडतोय.’ हे उत्तर झालं का? तो जे सांगतोय ते त्याला पडद्यावर दिसलेलं आहे. ते तुलाही पहिल्या दिवशी दिसलं होतं. तेव्हा तू मला फोन करून कीबोर्ड बिघडलाय का असं विचारलं होतंस. आठवतं?

आतलं गणित उलगडून दाखव ना. हत्याराचं स्किल, म्हणजे ते चालवायच्या कौशल्याचा आकडा, त्यात चपळाईचा पाचवा आणि नशिबाचा दहावा भाग मिळवायचा आणि आलेल्या आकड्याला दमाने गुणायचं. दम पूर्ण असेल तर सव्वापट, संपला असेल तर पाऊणपट. आता नवखा काय करतो? गेम सुरू होतो त्या जकात कचेरीत टेबलावर पडलेली सुरी उचलतो, तीही कॅरेक्टर बनवताना सुरीचं स्किल निवडलेलं नसताना, म्हणजे ते 5 वर. चपळाई 40, नशीब 40. बाहेर पडल्यावर सेडा नीन या पहिल्या गावापासून सगळीकडे धावत सुटतो, आणि धावलं की दम जातो. हिशेब कर: 5 अधिक 8 अधिक 4, म्हणजे 17, त्याचे पाऊण, पावणेतेरा. शंभर वारांत तेरासुद्धा धड लागत नाहीत, आणि समोरच्याची चपळाई त्यातून अजून वजा व्हायचीय. तोच माणूस 40 स्किलचं हत्यार घेऊन, दम राखून चालत आला तर शंभरात 65.

एवढं सांगितल्यावर दोषही कबूल कर. हे टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळांचं गणित आहे. तिथे वार चुकला की खेळ चालवणारा सांगतो, ‘तो झुकला, तुझं पातं ढालीवरून घसरलं.’ इथे ते सांगणारं कुणी नाही. प्राणी जागचा हलत नाही, फक्त हवेत सप्प आवाज येतो. 2002 साली गेम बनवणाऱ्या बेथेस्डाने फासे ठेवले आणि फाशांची गोष्ट सांगणारा माणूस काढून टाकला. गणिताची बाजू घे, पण त्या सप्प आवाजाची घेऊ नकोस.

क्लिफ रेसरांवर तू अख्खा परिच्छेद खर्च केलायस. कशाला? ते उडते प्राणी सगळ्यांनाच नकोसे होतात. खुद्द कंपनीनेच पुढच्या गेममध्ये त्यांची थट्टा केली. ज्यूब नावाच्या पात्राने त्यांचा नायनाट केला म्हणून त्याला संतपद देऊन टाकलं. डायरीचंही तसंच. मूळ गेममध्ये सगळ्या नोंदी एकाखाली एक, किराणा दुकानाच्या वहीसारख्या. क्वेस्टप्रमाणे, म्हणजे सोपवलेल्या कामगिरीप्रमाणे, लावून बघायची सोय ‘ट्रायब्युनल’ या पुरवणी भागात आली, म्हणजे करणाऱ्यांनाही ते खटकलंच होतं.

मॅपवर कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही, या टीकेवर मात्र मागे हटू नकोस. फक्त ‘बाण नसला की डोकं चालतं’ हे तुझं वाक्य काढ, त्यात नुसता तोरा आहे. आर्कंगथंडचं लिही. बाल्मोरा गावच्या फायटर्स गिल्डमधला हॅस्फाट ड्वेमर या लुप्त झालेल्या जमातीची कोड्याची पेटी आणायला पाठवतो. त्या पडक्या वास्तूचं दार उघडायला नळावरचा दांडा फिरवावा लागतो. आत गेल्यावर पेटी एका फळीवर, इतर भंगारासारखीच, हातात मावेल एवढी. माझ्या दोन संध्याकाळी तिच्यात गेल्या, मी चिडलोही होतो. पण ती जागा मी आजही डोळे मिटून सांगेन: उतार कुठे, डाकू कुठे, दिवे कुठे. बाणामागून गेलेल्या किती गुहा मला आठवतात? एकही नाही.

आणि तेलवानी, ते मांत्रिकांचं घराणं! तुझ्या लेखात त्यांचं नावही नाही याचं मला नवल वाटलं. अवाढव्य अळंबीचे मनोरे, आणि वरच्या मजल्यावर जायला जिनाच नाही. नुसतं उभं भुयार. मालक मांत्रिक, तो तरंगत जातो. ज्याला तरंगता येत नाही त्याच्याशी बोलायला त्याला वेळ नाही. मंत्र शीक, नाहीतर काढा विकत घे. अडचण आहे ना? आहेच. पण त्या घराण्याचा माज कुणी संवादात सांगत नाही, जिना नसण्यातून तो कळतो. 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये, म्हणजे याच मालिकेतल्या पुढच्या गेममध्ये, तरंगणंच काढून टाकलं. तिथे शहरं तटबंदीच्या आत वेगळी लोड होतात. वरून उडत आलात तर आत शहरच नसतं. सोय झाली, पण तसा मनोरा पुन्हा बांधता येईना. तुझा मुद्दा हाच आहे, पोरी, आणि तो शेवटच्या परिच्छेदातल्या अर्ध्या वाक्यात दबून गेलाय. त्याला वर आण.

गेममधल्या जुन्या वीराच्या, नेरेव्हारच्या मृत्यूचं जे लिहिलंस ते उत्तम उतरलंय. मंदिर एक सांगतं, अ‍ॅशलँडर या भटक्या टोळ्या दुसरं, आणि गेम शेवटपर्यंत निकाल देत नाही. त्याला हात लावू नकोस. फक्त ‘असं दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाही’ हे खोड. सगळे गेम तू खेळलेली नाहीस, मीही नाही.

टीकाकाराचं नाव लेखात चार वेळा आलंय. एकदा पुरे. त्याने तीन तास खेळून गेम सोडला असं तू हिणवून लिहितेस, पण ते त्याने स्वतःच सांगितलंय, आणि पहिल्या तीन तासांत माणसं पळतात हीच या गेमची जुनी दुखरी बाजू आहे. आकाशातून किंचाळत पडलेल्या त्या मांत्रिकापर्यंत तरी तो पोचला का, ते विचार. त्याच्या खिशातल्या उडीचा मंत्र लिहिलेल्या तीन गुंडाळ्या, पहिलीचा असर सात सेकंद, आणि जमीन गाठेपर्यंत तो संपलेला. दुसरी हवेतच वाचायची असते हे मला मरूनच कळलं.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. आणि त्या माणसाशी भेट झालीच, तर वाद घालण्याआधी एवढंच सांग, धावू नकोस, चालत जा.

तुझा,
काका