टाकीपाशी : आठ राज्यांतली आठ माणसं आणि मूठभर मॉस

प्रश्न : मी इंदिरानगरला राहतो, अंबडच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी आहे. घरात माशांच्या नऊ टाक्या आहेत, बहुतेक एंजल आणि फायटर. गेल्या चार वर्षांत कोलकाता, चेन्नई, कोची, इंदूर इथल्या शौकिनांशी ओळखी झाल्या. शोभिवंत मासे पाळणाऱ्यांचा देशपातळीवरचा एक क्लब असावा असं आम्हा सगळ्यांना वाटतं. नाव ठरलं, बोधचिन्ह काढलं, आणि तिथेच अडलो. नोंदणी आधी करावी की सभासद आधी जमवावेत? दुकानदारांना घ्यावं का? वर्गणी किती ठेवावी? नाशिकमधून देशाचा क्लब चालेल का? — एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : चालेल. १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय या गावाने आजवर चालवलं आहे. संस्था धरून ठेवायची सवय इथे आहे. मला काळजी वेगळीच वाटली. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात नाव आहे, बोधचिन्ह आहे, नोंदणी आहे, वर्गणी आहे. इंदूरच्या सभासदाच्या हातात या क्लबकडून काय पडणार, ते कुठेच नाही. आणि तो इंदूरहून काय देणार, तेही नाही.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगते. १९९४ साली आम्ही अकरा जणांनी नाशिकमध्ये असाच एक क्लब काढला होता. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होते. पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात वडिलांनी बांधलेला सिमेंटचा हौद होता, त्यात गोल्डफिश आणि कमळं. पहिल्याच सभेत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि खजिनदार निवडले गेले. नुसते सभासद उरले चौघं. दर महिन्याला भेटायचो, चहा व्हायचा, ‘तुमच्याकडे काय नवीन’ व्हायचं, मग आपापल्या घरी. वर्षभरात एकाच्या टाकीतलं एक पिल्लू दुसऱ्याच्या टाकीत गेल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही प्रदर्शन भरवलं. मंगल कार्यालयाचा हॉल, चाळीसेक टाक्या, बघायला लोकांची रीघ. दुपारी अडीचच्या सुमाराला वीज गेली. पंखे थांबले, एअर पंप थांबले. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला तर तो जास्त लागू लागतो; त्यात टाक्या आदल्या दिवशी मांडलेल्या आणि दाटीवाटीने भरलेल्या. आम्ही मगांनी पाणी वरून ओतत राहिलो. संध्याकाळी वीज आली तेव्हा निम्म्या टाक्यांत मासे उलटे तरंगत होते. नववीतल्या एका मुलाने स्वतः पिल्लांपासून वाढवलेली एंजलची जोडी आणली होती. तो रडला नाही. जाळी मागून घेतली, दोन्ही मासे काढले, पिशवीत ठेवले आणि सायकलवरून निघून गेला. त्याच्या टाकीची जबाबदारी कुणाची, हे आम्ही कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून त्याच्या घरी कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. पुढच्या सभेला पाच जण आले, त्यानंतर सभाच झाली नाही.

तेव्हा प्रदर्शनाचा विचार तीन वर्षं मनात आणू नका. पुढे भरवाल तेव्हा दर टाकीमागे बॅटरीवर चालणारा पंप आणि दर टाकीमागे एका माणसाचं नाव, हे आधी लिहून मग हॉल ठरवा. एप्रिल-मे तर नकोच.

आता ज्यांचे क्लब टिकले त्यांच्याकडे बघा. अमेरिकन किलिफिश असोसिएशन साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. एवढ्या मोठ्या देशात विखुरलेली माणसं एका बोटाएवढ्या माशापायी कशी बांधली गेली, याचं मला फार कुतूहल होतं. उत्तर त्या माशाच्या अंड्यात आहे. किलिफिशच्या काही जाती आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अशा डबक्यांत राहतात, जी कोरड्या दिवसांत आटून जातात. मोठे मासे मरतात, अंडी चिखलात जिवंत राहतात आणि पाऊस पडला की फुटतात. म्हणून ती ओलसर पीटमध्ये, म्हणजे कुजलेल्या शेवाळाच्या मातीत ठेवून पाकिटातून दूरच्या माणसाला धाडता येतात. ज्यांची एकमेकांशी कधी गाठ पडायची नाही, त्यांच्या टाक्यांत एकाच वाणाचे मासे पोहतात. देशपातळीवरचा क्लब म्हणजे माझ्या मते एवढंच, बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी.

आपल्याकडे जिवंत प्राणी टपालाने पाठवता येत नाहीत; मधमाश्या, जळवा, रेशीमकिडे असे थोडे अपवाद आहेत, मासा त्यात नाही. म्हणून पहिलं वर्ष माशांची देवाणघेवाण करूच नका. वनस्पती पाठवा. जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास या चिवट आहेत. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बंद केल्या तर तीन-चार दिवसांचा प्रवास सहज सोसतात, फक्त कडक उन्हाळा टाळायचा. आलेली वनस्पती थेट टाकीत सोडायची नाही. पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवायची, कारण गोगलगाईंची अंडी पानाखाली चिकटून येतात. तुम्ही मूठभर मॉस आठ जणांना पाठवा. सहा महिन्यांनी प्रत्येकाने आपल्याकडे वाढलेल्यातलं दुसऱ्या दोघांना पाठवायचं. कोण वेळेवर पाठवतं, कोण नुसतं घेतं, कोणाचं मॉस पिवळं पडलं तरी प्रामाणिकपणे कळवतं, हे वर्षभरात वहीत दिसेल. तुमची कार्यकारिणी त्या वहीतून निवडा.

आणि वही खरोखर ठेवा. नाशिकचा डिसेंबर तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या निफाडला तर पारा एक आकडी होतो. हिटर नसलेल्या टाकीत सकाळी हात घातला की बोटं आखडतात, आणि चार दिवसांत एंजलच्या अंगावर पांढरे ठिपके दिसू लागतात. चेन्नईच्या सभासदाला ही अडचण ठाऊकच नसेल, त्याची अडचण मे महिन्यातली. तोच मासा दोघांनी पाळला, दोघांनी पाण्याचं तापमान, सामू (पीएच), पाणी किती आणि कधी बदललं, अंडी कधी दिली, पिल्लं किती जगली हे लिहिलं, तर त्यातून जे कळेल ते परदेशी पुस्तकात मिळणार नाही. ती पुस्तकं थंड देशांतल्या, नळाच्या बारमाही पाण्याच्या हिशेबाने लिहिलेली असतात. आपल्याकडे एका दिवशी नळाला क्लोरीनचा उग्र वास येतो, पाणी कमी पडलं की टँकर येतो, आणि टँकरमध्ये बहुधा बोअरचं जड पाणी असतं. अमेरिकेतल्या अनेक क्लबांत एक चांगली रीत आहे. सभासदाने एखाद्या जातीची पिल्लं ठरावीक वयाची करून दाखवली, त्यातली काही क्लबला दिली, की त्याला गुण मिळतात. अवघड जातीला जास्त. कप-ढालींपेक्षा मला हे आवडतं, कारण बक्षीस मिळवायचं तर मासे वाटावेच लागतात.

नोंदणीचं थोडक्यात. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. अखिल भारतीय संस्था करायची तर निरनिराळ्या राज्यांतले निदान आठ जण दाखवावे लागतात. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. त्यासाठी मुंबईला जायला नको, धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालय नाशिकलाच आहे. नावात ‘राष्ट्रीय’ किंवा ‘भारतीय’ घालायचं असेल तर आधी जाणकार वकिलाला विचारा; सरकारचा आश्रय असल्याचा भास होईल अशा नावांना अटकाव करणारा १९५० चाच वेगळा कायदा आहे. बोधचिन्ह छापून आणण्याआधी विचारा. आणि हे सगळं दुसऱ्या वर्षी. नोंदणी झाली की दरवर्षी सभा, हिशेब, लेखापरीक्षण मागे लागतं. माणसं पक्की नसतील तर सचिव एकटाच कागदांखाली दबतो.

माझ्या मनातली रचना सांगू का? जर्मनीत १९११ साली मत्स्यालय-शौकिनांचा महासंघ झाला, तो वेगवेगळ्या क्लबांना एकत्र आणणारा महासंघ होता. तुम्हीही आधी नाशिकचे दहा जण बांधा, इंदूरकराला तिथले दहा जमवू दे. देशाचा क्लब त्या गावांच्या क्लबांचा असू दे. नाहीतर कोचीच्या एकट्या सभासदाला वर्षातून एकदा पावती मिळेल, दुसरं काही नाही.

दुकानदारांना घ्या. माशांचे आजार त्यांना आपल्यापेक्षा लवकर ओळखता येतात, माल कुठून येतो ते त्यांना ठाऊक असतं. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार काय, चेन्नईच्या कोलाथूरमधली घरोघरची पैदास काय, या धंद्यातल्या माणसांनीच हा छंद उभा ठेवला आहे. मात्र कार्यकारिणीवर आणि परीक्षक म्हणून त्यांना ठेवू नका. कुठल्या दुकानातून घ्यावं हा सल्ला क्लबच्या तोंडून जायला लागला की उरलेले दुकानदार क्लबकडे पाठ फिरवतात. वर्गणी दोनशे-तीनशेच्या वर नको. त्यातून तिमाही चार पानं छापा, त्या वह्यांतला मजकूर घालून.

एक कलम मात्र पहिल्या दिवसापासून घटनेत हवं, आणि इथे मी तुम्हाला विनवते. क्लबच्या कुठल्याही सभासदाने टाकीतला मासा नदीत, धरणात, विहिरीत किंवा देवळाच्या कुंडात सोडायचा नाही. लोक दयेपोटी सोडतात. टाकी साफ ठेवतो म्हणून आणलेला सकर फिश दीड फुटाचा होतो, टाकीत मावत नाही, मारवत नाही, मग संध्याकाळी पिशवी घेऊन गोदाकाठ गाठतात. तो मरत नाही, हीच अडचण आहे. अंगावर चिलखत, हवेतूनही श्वास घेतो, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. देशातल्या अनेक नद्या-तलावांत तो पसरला आहे आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतो. गंगापूर धरणाच्या पाण्यावर आपलं गाव जगतं आणि त्या पाण्यातल्या आपल्या माशांना बोलता येत नाही. तेव्हा दर गावात क्लबची एक मोठी टाकी किंवा हौद असा असू द्या, जिथे नको झालेला मासा कुणीही आणून द्यावा, प्रश्न न विचारता घेतला जाईल. या एका कामासाठी मी स्वतः अंगणातला हौद द्यायला तयार आहे. वडिलांचा तोच हौद, अजून गळत नाही.

याची दुसरी बाजू आपल्या देशी माशांची. केरळातल्या पश्चिम घाटाच्या ओढ्यांत एक मासा आहे, अंगावर लाल रेघ आणि तिच्याखाली काळी. बाजारात त्याला ‘मिस केरळ’ म्हणतात. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, ‘सह्याद्रिया’ असं नाव दिलं. आपल्या डोंगराचं नाव! परदेशी टाक्यांसाठी तो ओढ्यांतून इतका उपसला गेला की आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. तुमचा कोचीचा मित्र तिथे आहे. हा मासा विकत घेताना ‘ओढ्यातला की पैदाशीतला’ एवढं प्रत्येक सभासदाने विचारायचं आणि ओढ्यातला घ्यायचा नाही, असं ठरवा.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. त्याने गप्पींचे तीन रंग वेगळे केले आहेत. अशा क्लबात मुलांना घेतात का? — एक आई, गंगापूर रोड

उत्तर : घ्यायलाच हवं. नोंदणीकृत संस्थेत अल्पवयीन मुलाला पदाधिकारी करता येत नाही, पण वही ठेवायला वयाची अट नाही. त्याला नर आणि माद्या चार-पाच आठवड्यांच्या आतच वेगळ्या करायला सांगा. गप्पीची मादी नराचं बीज अंगात साठवून ठेवते आणि एकदा मिसळली की पुढच्या काही वेतांचा बाप कोण ते कळत नाही. उरलेली पिल्लं नाल्यात सोडू नका म्हणावं. डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी लागतात, पण ते कुठे सोडायचे हे महापालिकेच्या आरोग्य विभागाला ठरवू द्या. त्यांनाच नेऊन द्या.

इंदिरानगरच्या वाचकांनी परवानगी दिली तर मी त्यांना तुमचा पत्ता कळवीन. त्यांच्या आठ जणांत एक आठवीतला असला तर मला बरं वाटेल.

प्रश्न : मुलगी चेन्नईहून रेल्वेने येताना कोलाथूरचे मासे आणणार आहे. चोवीस तासांच्या वर प्रवास आहे. जगतील का? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : निघण्याच्या आदल्या दिवसापासून माशांना खायला द्यायचं नाही, हे विक्रेत्याला आधी सांगायला लावा. पोट रिकामं असलं की पाणी कमी घाण होतं. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू, पिशवी दुहेरी, खालचे कोपरे रबराने बांधलेले, म्हणजे लहान मासे त्यात अडकत नाहीत. सगळं थर्माकोलच्या खोक्यात, अंधारात. वाटेत उघडून बघायचं नाही.

घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. पण एकदा उघडल्यावर तासभर थेंब-थेंब पाणी मिसळत बसू नका. एवढ्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासे जाळीने उचला, पिशवीचं पाणी टाकीत पडू देऊ नका, आणि पहिल्या रात्री दिवा लावू नका. तीन आठवडे त्यांना वेगळ्या टाकीत ठेवा.