आधी जाळीतून बोल

प्रिय पोरी,

फ्लॅट मिळाला, गॅलरीतून सिंहगड दिसतो, सगळं वाचलं आणि बरं वाटलं. पण तुझ्या मेसेजमधली एक गोष्ट काही डोक्यातून जाईना. गॅसवाला म्हणून कोणीतरी आला, तपासणी करायचीय म्हणाला आणि तू त्याला सरळ किचनमध्ये नेलंस. घरात एकटी होतीस ना गं?

आता गॅसची तपासणी खरंच असते, पाच वर्षांतून एकदा, त्यामुळे तो खोटाच होता असं मी म्हणत नाही. पण एजन्सीच्या नावाखाली फिरणारेही असतात, पाइप खराब झालीय, आत्ताच्या आत्ता बदला नाहीतर स्फोट होईल असं घाबरवायचं आणि भलत्या किमतीला पाइप गळ्यात मारायची. पुढच्या वेळी जाळीचं दार बंदच ठेव, आयकार्ड जाळीतून बघ आणि एजन्सीला फोन कर, तोही गॅसच्या पुस्तकावर छापलेल्या नंबरवर, त्याने दिलेल्या नाही. खरा असेल तर थांबेल. पाइपची मुदत पाइपवरच छापलेली असते, ती तुझी तूच वाच.

आपला प्रॉब्लेम काय आहे माहितीये, दारात कोणी उभा असला की त्याला बाहेर ठेवणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. माझ्या आईचंही तेच झालं. दुपारची वेळ, दोन पोरं आली पावडर विकायला, आधी पितळेचा तांब्या लख्ख करून दिला, मग पाणी मागितलं, मग म्हणाली आजी बांगड्या पण द्या. हळदीच्या पाण्यात डबा बंद करून दिला, वीस मिनिटांनी उघडा म्हणाली. उघडला तर बांगड्या होत्या हो, पण निम्म्या वजनाच्या! सोनाराने सांगितलं, बांगड्या डब्यात घालण्याआधी ॲसिडच्या मिश्रणात बुडवल्या असणार, त्यात सोनं विरघळतं, आणि ते ॲसिडचं पाणी पोरं घेऊन गेली. आई वर्षभर स्वतःलाच बोल लावत होती, त्या पोरांना नाही, याचा मला अजून राग येतो.

पार्सलवाल्यांचं सोपं आहे, पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही, आणि न मागवलेलं पार्सल कॅन्सल करायला ओटीपी द्या म्हणाला तर अजिबातच नाही. आतून "बाबा, पार्सल आलंय" म्हणून ओरडायचं. बाबा कोल्हापुरात का असेनात.

रात्री पोलीस आहोत म्हणून कोणी बेल वाजवली तर घाबरून कडी काढू नकोस. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते, हे शांतपणे आतूनच सांग, आणि 112 वर फोन करून खरंच कोणाला पाठवलंय का विचार. खऱ्या पोलिसाला याचा राग येत नाही, आला तरी येऊ दे.

शेजारच्या काकूंशी ओळख कर, वॉचमनचा नंबर घे, वगैरे तुला कळतंच.

पण एक काम याच आठवड्यात कर. आधीच्या भाडेकरूंकडे किल्ल्या राहिल्या असतील, तेव्हा मालकाला सांगून लॅच बदलून घे. तो खर्चाला नाही म्हणाला तर मी देते, नवीन किल्लीचा फोटो पाठव.

तुझी आत्या